चिनी मातीवरची रेघ

दोरी एकेचाळिसाव्यांदा ओढली गेली, इंजिनाचे चाक दोन फेरे फिरले, आत कोणी शिंकावे तसा एक आवाज झाला, आणि कोळ्ळिडमच्या पात्रावर पुन्हा पाण्याचाच आवाज उरला. राजगोपालाने दोरी पुन्हा गुंडाळली, तिची गाठ चाकाच्या खाचेत बसवली. पण ओढली नाही. त्याच्या उजव्या तळव्यावरचा फोड फुटून दोरीला ओल लागली होती.

काठावर अकरा बाया बसल्या होत्या. त्यांच्यासमोर गुडघाभर पाण्यात भाताच्या रोपांच्या जुड्या उभ्या करून ठेवल्या होत्या. रोप आदल्या दिवशी उपटलेले. उपटलेले रोप पाण्यात तीन दिवस तग धरते. चौथ्या दिवशी त्याची मुळे कुजू लागतात. आणि वाफ्यात जे अजून उभे होते, त्याचेही चाळीस दिवस भरत आले होते.

बायांची म्होरकी अलमेलु उठली. तिने जुडीतले एक रोप ओढून बुंध्याशी मोडले आणि नावेपाशी येऊन राजगोपालासमोर धरले.

"सामी, हे बघा. याला गुडघा आला. गुडघा आलेले पोर कडेवर राहत नाही आणि गाठ धरलेले रोप फुटवा देत नाही."

"मला दिसते आहे, अलमेलु."

"दिसते तर ठीक. रविवारी आम्हाला इन्नंबूरच्या देवळाच्या शेतात जायचे आहे. शनिवारपर्यंत आम्ही तुमच्या. मग देवाच्या."

राजगोपालाचे घर नदीच्या दक्षिण तीरावर, बांधाला लागून; त्याची तीन एकर जमीन मात्र उत्तर तीरावर. रोप घरामागे वाढवावे आणि लावणीला पलीकडे न्यावे, हा क्रम त्याच्या वडिलांपासूनचा. उन्हाळ्यात कोळ्ळिडम म्हणजे अर्धा मैल वाळू. माणूस चालत ओलांडतो. पण धरणावरून जादा पाणी सुटले की पक्किरी नावाड्याचा लांब बांबूसुद्धा तळाला टेकत नाही, आणि वल्ह्यांवर भरवसा ठेवणारी नाव दीड मैल खाली जाऊन कोठेतरी लागते. पुलावरून गाडीने वळसा घालावा तर सारा दिवस रस्त्यात जातो. म्हणून युद्धात सैन्याच्या मोटारी दुरुस्त करून परतल्यावर राजगोपालाने नावेच्या मागच्या फळीला अडकवायचे हे इंजिन लिलावातून आणले होते. तेव्हाही ते जुनेच होते. चार वर्षे त्याने नाव सरळ रेषेत पलीकडे नेली. याही वर्षी नवरात्रातल्या आयुधपूजेनंतर दोन दिवस ते पहिल्या-दुसऱ्या ओढीला चालू झाले. मग आभाळ आले, आणि सकाळी ते चालू होईना.

राजगोपाल घाईने निष्कर्ष काढणारा माणूस नव्हता. उलट, तो इतक्या सावकाश आणि इतका साधार निष्कर्ष काढी की एकदा काढलेला निष्कर्ष त्याच्याकडून परत घेणे कोणालाच साधत नसे. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: दाब, ठिणगी आणि तेल. त्याने त्या त्याच क्रमाने तपासल्या. प्लग काढून त्या भोकावर अंगठा दाबला आणि पक्किरीला दोरी ओढायला सांगितले. आतल्या हवेने अंगठा उडवला. दाब होता. मग प्लगला तार जोडून तो इंजिनाच्या उघड्या धातूवर आडवा ठेवला आणि दोरी पुन्हा ओढायला लावली. प्लगच्या टोकाशी टच्चदिशी निळी ठिणगी पडली.

"पाहिलीस, अलमेलु?"

"पाहिली, सामी. बिडी पेटेल तिच्यावर. इंजिन का पेटत नाही?"

"कारण ठिणगी निर्दोष आहे. दाब निर्दोष आहे. उरले काय?"

उरलेल्याचे नाव काठावरच्या साऱ्यांनाच ठाऊक होते. इंजिन आणि पेट्रोलचा डबा ही दोन्ही पक्किरीच्या झोपडीत राहत. कारण इंजिन जड होते, आणि चुलीच्या घरात पेट्रोल येऊ द्यायला राजगोपालाची आई तयार नव्हती.

राजगोपालाने कार्ब्युरेटरची वाटी सोडवली, तिच्यातले पेट्रोल काचेच्या पेल्यात ओतले आणि पेला आभाळाकडे धरला. तळाशी मोहरीएवढा एक थेंब वेगळा हलत होता.

"पाणी," तो म्हणाला.

पक्किरी कमरेइतक्या पाण्यात नाव धरून उभा होता. पन्नाशीचा, सडपातळ, खांद्यावर बांबूचा घट्टा पडलेला माणूस. त्याने पेल्याकडे पाहिले आणि मग राजगोपालाकडे.

"डबा उघडा राहिला होता, पक्किरी."

"नाही, सामी. झाकण लावून डबा मी उशाशी घेतो. झाकणावरच डोके असते माझे."

"मग पाणी आत कसे गेले? यंत्र खोटे बोलत नाही. डबा तुझ्याकडे होता. डब्यात पाणी आहे. यातून तिसरे काय निघते ते तू सांग."

"पाण्याची मला कमी नाही, सामी," पक्किरी नदीकडे हनुवटी करून म्हणाला, "पण तुमच्या डब्यात घालायला नदी उचलून घरात कशाला नेऊ?"

बाया हसल्या. ते हसणे राजगोपालाला लागले. तो नावेतून उतरला, झोपडीत वाकून गेला आणि डबा उचलून सगळ्यांच्या देखत बांधावरून घराकडे घेऊन गेला. मागे कोणी हसले नाही. पक्किरीने नाव खुंट्याला बांधली, बांबू खांद्यावर घेतला आणि तो उंबराच्या मुळावर जाऊन बसला. उत्तर देण्याजोगे काही उरले नाही म्हणजे माणूस चुकलाच असतो, असे नाही. पण राजगोपालाने त्या बसण्याचा अर्थ तसाच लावला.

दुपारी ऊन पडले. राजगोपालाने पेट्रोल कापडातून तीनदा गाळले, टाकीत भरले, आणि दुसऱ्याच ओढीला इंजिनाने धूर सोडून सूर धरला. बाया घरी परतल्या होत्या. पक्किरीला त्याने हाक मारली नाही. एकट्यानेच चाळीस जुड्या घालून तो पलीकडे जाऊन आला. परतताना पाण्याचे तुषार तोंडावर येत होते आणि त्याला बरे वाटत होते. त्याचा सिद्धान्त खरा ठरला होता.

संध्याकाळी सायकलवरून कुंभकोणमला जाऊन त्याने ताजे पेट्रोल आणले. खबरदारी म्हणून नवा प्लगही मागितला. पण या जातीचा प्लग मद्रासहून येईल, दहा दिवस लागतील, असे दुकानदार म्हणाला. डबा त्याने गोठ्यात कुलूप लावून ठेवला.

शुक्रवारी सकाळी इंजिन चालू झाले नाही.

पेट्रोल नवे, डबा कोरडा, कुलूप राजगोपालाचे. त्याने पन्नास वेळा दोरी ओढली. मग चाक उतरवले, त्याखालचे, ठिणगीला वीज पुरवणाऱ्या मॅग्नेटोचे पॉइंट पातळ कानशीने घासले, कागदाच्या पट्टीने पुसले, त्यांच्यामधली फट पोस्टकार्डाच्या जाडीने मोजली. चाक चढवले. ठिणगी पुन्हा तपासली. ती कालच्यापेक्षा ठळक होती. इंजिन शिंकलेही नाही.

"सामी," अलमेलु काठावरून म्हणाली, "काल डबा कोठे होता?"

"आमच्या गोठ्यात."

"मग तुमच्या गाईने घातले असेल पाणी."

या वेळी बाया हसल्या तेव्हा पक्किरी हसला नाही. तो उंबराच्या मुळावर आपल्या बांबूचे टोक विळ्याने तासत होता आणि तासण्यासारखे त्या टोकाला काही उरले नव्हते. दिवसभर ऊन पडले नाही. बाया दुपारपर्यंत बसल्या, विडे चघळले आणि गेल्या. पाण्यातल्या जुड्यांच्या पात्यांची टोके पिवळी पडू लागली होती.

घरी राजगोपालाची आई रुक्मिणीबाई ओसरीवर वाती वळीत बसली होती. बायको गोमतीने त्याच्या तळव्यावर हळद-तूप लावले आणि त्यावर चिंधी बांधली.

"काय झालें?" म्हातारीने विचारले. घराबाहेर तमिळ बोलणारे हे घर उंबऱ्याच्या आत जुन्या मराठीवर येई.

"चालत नाहीं."

"काल चाललें कीं."

"काल दुपारीं चाललें, अम्मा. सकाळीं नाहीं. आज तर दुपारींही नाहीं."

"पक्किरीवर उगाच डाफरलास म्हणतात."

"उगाच नाहीं. पुरावा होता. थेंब माझ्या डोळ्यांनीं पाहिला."

गोमती चिंधीची गाठ मारीत म्हणाली, "तो थेंब पेल्यांत आधींच असेल. पेला मी तुम्हांस विसळून दिला होता, पुसला नव्हता."

या शक्यतेचा त्याने विचार केला नव्हता, आणि विचार न केलेली शक्यता दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे त्याला फार जड जाई.

"हें तूं काल कां नाहीं सांगितलेंस?"

"काल तुम्ही विचारलें नाहीं. पेला घेऊन धांवलेत." गोमतीने हळदीची वाटी उचलली. "दुपारीं ऊन असतें तें सकाळीं नसतें. आज दुपारींही नव्हतें. चुलीजवळची आगपेटी सुद्धां या दिवसांत ओढीला पेटत नाहीं. उन्हांत ठेवली कीं पेटते. तुमच्या इंजिनांतलें काय ओलें होतें, तें तुम्हींच पाहा. मला काय कळतें?"

तो रात्रीचे जेवण निम्मे टाकून उठला. ओल. पण ओल कोठे? तार कोरडी होती. तिच्यावरचे रबर अखंड होते. पॉइंट कोरडे होते. आणि ओलीने ठिणगी मरत असती तर ती पडलीच नसती. ती पडत होती. त्याने दोनदा पाहिली होती. तर्कात फट सापडेना.

शनिवारी सकाळी भुरभुर पाऊस होता. आज लावणी सुरू झाली नाही तर उत्तर तीरावरचे तीन एकर यंदा पडीक राहणार, हे बायांना ठाऊक होते, पक्किरीला ठाऊक होते. राजगोपालाने इंजिनावर अंगवस्त्र धरून पाहिले. वाऱ्याने ते उडाले. एका हाताने आडोसा आणि दुसऱ्या हाताने दोरी, हे जमणारे नव्हते. त्याने उंबराकडे पाहिले.

"पक्किरी, गोणपाट धर."

दोन दिवसांतले हे पहिले शब्द. पक्किरी उठला, झोपडीतून दुहेरी गोणपाट आणला, नावेत चढला आणि इंजिन व स्वतःचे डोके दोन्ही त्याखाली झाकून वाकून बसला. आत बऱ्यापैकी काळोख झाला असावा. राजगोपालाने दोरी ओढली. पुन्हा ओढली.

"सामी, थांबा," गोणपाटाखालून आवाज आला.

"काय?"

"तुमच्या नामावर आग चालते आहे."

"कशावर?"

"या प्लगावर तुमच्या कपाळासारखे नाम ओढले आहे ना, ती काळी रेघ. वरून खाली निळी आग सरकते. आता गेली. ओढा पुन्हा. ही बघा!"

"ठिणगी आत पडते, पक्किरी. बाहेर पडत नाही."

"मग मी पाहिले ते काय?"

"गोणपाटाच्या विणीतून उजेड झिरपतो. ओल्या धातूवर चमकतो."

पक्किरीने डोके बाहेर काढले. भिजलेले केस त्याच्या कपाळाला चिकटले होते. चढा आवाज न करता तो म्हणाला, "सामी, गोणपाट तुम्ही घ्या. दोरी मला द्या."

राजगोपाल गोणपाटाखाली शिरला. ओल्या तागाचा आणि पेट्रोलचा वास. डोळे काळोखाला सरावले तेव्हा त्याला सर्वांत आधी प्लगची चिनी माती दिसली. साऱ्या काळ्या इंजिनावर पांढरी अशी तेवढीच जागा. आणि तिच्यावर, वरच्या पितळी टोपणापासून खालच्या लोखंडापर्यंत, देवापुढच्या धुपाच्या निखाऱ्याच्या अंगाऱ्याची उभी काळी रेघ, रेघेखाली हळद-चुन्याच्या अक्षतेचा तांबडा ठिपका. आयुधपूजेला ती त्यानेच ओढली होती. ओल्या चंदनात अंगारा कालवून, बोटाने, नीट, सरळ. नांगराला, विळ्यांना, सायकलीला आणि इंजिनाला. पूजेचे गंध पुसायचे नसते, आपोआप जाऊ द्यायचे असते. म्हणून गेल्या तीन दिवसांत प्लग काढताना-बसवताना पाना त्या रेघेला लागू नये याची त्याने प्रत्येक वेळी काळजी घेतली होती. रेघ त्याने पाहिली नव्हती असे नाही. रोज सकाळी आरशात स्वतःच्या कपाळावर जी पाहायची, तीच ही. जे रोज दिसते ते तपासायला कोण बसतो?

"ओढ," तो म्हणाला.

पक्किरीने दोरी ओढली. रेघेवरून, केसाएवढी बारीक, थरथरती निळी आग वरून खाली उतरली आणि लोखंडात नाहीशी झाली.

राजगोपाल गोणपाटाखालीच बसून राहिला. आता सारे सरळ लागत होते. उघड्यावर ठेवलेल्या प्लगला कसलाच भार नव्हता. तेथे ठिणगी टोकावर पडणारच. आत दाबलेली हवा तिला वाट देत नव्हती. दार बंद केले की कालव्याचे पाणी बांधातली फट शोधते, तशी वीज शोधीत होती. आणि कोळशाची, दंवाने ओलावलेली रेघ तिला मिळाली होती. कोरडी असली तर रेघ वाट देत नसे. म्हणून ऊन पडले की इंजिन चाले. परीक्षा त्याने दोनदा घेतली होती आणि दोन्ही वेळा भार नसताना घेतली होती. पक्किरीविरुद्धचा गुरुवारचा निकाल मात्र त्याच परीक्षेवर लावला होता.

तो बाहेर आला.

"पुसायला हवी," तो म्हणाला.

"मी हात लावणार नाही, सामी," पक्किरी म्हणाला. "ते तुमच्या देवाचे आहे."

राजगोपालाने अंगवस्त्राचे टोक पेट्रोलमध्ये बुडवले. क्षणभर त्याचा हात थांबला. मग त्याने चिनी माती पुसली, एकदा, दोनदा, रेघेचा करडा डागही जाईपर्यंत. कोरड्या टोकाने पुन्हा पुसली. प्लग बसवला, तार जोडली, दोरी गुंडाळली. चिंधीखाली तळवा ठणकत होता.

"तू ओढ."

पहिल्या ओढीला इंजिन खोकले. दुसऱ्या ओढीला निळा धूर सोडून असे गरजले की काठावरचे बगळे उडाले. बायांनी कासोटे आवळले आणि जुड्या उचलायला पाण्यात उतरल्या. त्या गदारोळात राजगोपाल पक्किरीकडे वळून म्हणाला, "चूक माझी होती."

पक्किरीने कानामागे हात धरला.

"सामी काही बोलले?" जुड्यांची टोपली नावेत ठेवीत अलमेलुने विचारले.

"असतील. इंजिन बोलत होते."

पाच खेपा झाल्या. सुकाणू पक्किरीने धरले. प्रवाह कोठे वळतो हे त्याला ठाऊक होते, आणि राजगोपालाने एकदाही त्याला सूचना केली नाही. पलीकडे चिखल तयार होता. बाया ओळीत वाकल्या, डाव्या हातात जुडी, उजव्या अंगठ्याने रोप चिखलात खोचीत मागे सरकू लागल्या. पाऊस त्यांच्या पाठींवरून वाहत होता. गाठ धरलेल्या जुड्या अलमेलु बांधावर फेकीत गेली; तिसरा हिस्सा तरी गेला असेल. उतरत्या दुपारी दोन एकर हिरवे झाले. उरलेला एक एकर तसाच राहिला. तो यंदा पडीकच राहणार होता, आणि तो का राहिला हे राजगोपालाला ठाऊक होते.

परत येताना तो अर्ध्या वाटेपर्यंत स्वतःशी वाद घालीत होता. त्याने चूक कबूल केली होती, हे खरे. पण ती अशा जागी कबूल केली होती की कोणाला ऐकू जाऊ नये. भार नसताना पडलेल्या ठिणगीला तो आता ठिणगी मानायला तयार नव्हता. मग हिला कबुली कसे मानणार?

नाव लागली. बाया पाय धूत होत्या. राजगोपाल घरी गेला, गोठ्याचे कुलूप काढले, पेट्रोलचा डबा डोक्यावर घेतला आणि उजेड असतानाच बांधावरून नदीकडे आला. डबा डोक्यावर घ्यायची त्याला सवय नव्हती. तो दोन्ही हातांनी धरावा लागला. बायांचे पाय धुणे थांबले.

"गुरुवारी मी तुमच्यासमोर बोललो," तो स्वच्छ तमिळमध्ये म्हणाला, "म्हणून तुमच्यासमोरच सांगतो. डब्यात पाणी नव्हते. ते माझ्या पेल्यात होते. पक्किरीचा दोष नव्हता. दोष माझा होता."

अलमेलुने ओंजळभर पाणी पायावर घेतले.

पक्किरी झोपडीच्या दाराशी उभा होता. तो बाजूला झाला.

"तिथे, कोपऱ्यात ठेवा, सामी. उशाची जागा आहे ती. दोन रात्री झाकण नव्हते डोक्याखाली. झोप लागली नाही."

राजगोपाल वाकून आत गेला आणि त्याने डबा त्या जागी ठेवला. मातीत डब्याच्या तळाचे वर्तुळ अजून उमटलेले होते. डबा त्यात बरोबर बसला.

घरी ओसरीवर दिवा लागला होता. रुक्मिणीबाईने त्याला पायऱ्या चढताना निरखले. पावसाने, घामाने आणि त्या पेट्रोलने भिजलेल्या अंगवस्त्राने त्याचे कपाळ कोरे झाले होते.

"अंगारा कोठें गेला, राजा?"

राजगोपाल खांबाला टेकून बसला. गोमतीने पाण्याचा तांब्या पुढे केला. या वेळी तो तिने पदराने पुसून दिला.

"पुसला, अम्मा," तो म्हणाला. "इंजिनाचाही पुसला."

म्हातारीने वातीचे टोक बोटांनी वळून नीट केले.

"चाललें का मग?"

"चाललें."

"तर पुढील वर्षीं टाकीस लाव," ती म्हणाली. "आतां हातपाय धू. पक्किरीकडून यायला इतका वेळ लागला, तर भात निवला."